हिवाळी जॅकेट ऑनलाइन घेताना शीटचे फिल्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमालयातल्या हिवाळी ट्रेकला निघालेली मंडळी आणि जर्मनी-कॅनडाला शिकायला निघालेली मुलं, या दोघांकडून थंडी जवळ आली की जवळपास तेच प्रश्न येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं गूगल शीट्सची आहेत. एक्सेलमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. आधीचे प्रश्न सोपे आहेत, अडचणीचे प्रश्न शेवटाकडे आहेत.

१. वेबसाइटवर फिल्टर असतातच. मग वेगळी शीट कशाला?

वेबसाइटचा फिल्टर त्या एका दुकानापुरता चालतो आणि तो बहुतेक वेळा रंग, साइज, ब्रँड, किंमत आणि सवलत एवढ्यावरच असतो. जॅकेटची ऊब ज्यावर ठरते, म्हणजे आतला भराव कशाचा आणि किती ग्रॅम, कापड किती पाणी अडवतं, शिवणी आतून टेप लावून बंद केल्या आहेत का, त्यासाठी फिल्टर क्वचितच मिळतो. ती माहिती पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते, किंवा नसतेच.

शीटमध्ये चार दुकानांतली जॅकेटं एकाच मापाने मोजता येतात. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की अटी तुम्ही ठरवता. फिल्टरचं काम चांगलं जॅकेट शोधून देणं नाही. तुमच्या थंडीत जे चालणार नाही ते बाद करणं, हे त्याचं काम. म्हणून अटी आधी लिहून काढा आणि मगच सेलचं पान उघडा. उलट क्रमाने गेलात तर आवडलेल्या जॅकेटला शोभतील अशा अटी आपोआप तयार होतात.

२. कोणते कॉलम ठेवू?

मॉडेलचं नाव, दुकान, लिंक, किंमत, किंमत पाहिल्याची तारीख, भरावाचा प्रकार (डाउन म्हणजे पक्ष्यांची मऊ लव, किंवा सिंथेटिक म्हणजे कृत्रिम तंतू), फिल पॉवर (अर्थ प्रश्न ७ मध्ये), भरावाचं वजन, जॅकेटचं एकूण वजन, पाणी अडवण्याचा आकडा, शिवणी बंद आहेत का, टोपी आहे का, छातीचं माप, लांबी, परत करण्याची मुदत. शेवटी 'शेरा' नावाचा एक मोकळा कॉलम.

एका कॉलममध्ये एकच गोष्ट हवी. '८०० फिल, १२० ग्रॅम, टोपीसह' असं एका सेलमध्ये, म्हणजे एका चौकटीत, लिहिलं की त्यावर फिल्टर लावता येत नाही. एकक कॉलमच्या नावात लिहा ('वजन ग्रॅम', 'पाणी मिमी') आणि सेलमध्ये नुसता आकडा ठेवा. असं का, ते प्रश्न ५ मध्ये आहे. आणि सेल मर्ज करू नका, म्हणजे दोन चौकटी जोडून एक करू नका. शीट नटवण्यासाठी केलेलं मर्जिंग फिल्टरला हमखास गोंधळात टाकतं.

३. फिल्टर लावायचा कसा?

कॉलमची नावं पहिल्या ओळीत ठेवा. ती ओळ फ्रीझ करा, म्हणजे खाली गेलं तरी नावं दिसत राहतील. मग सगळा तक्ता निवडून 'डेटा' मेनूतून 'क्रिएट अ फिल्टर' घ्या. प्रत्येक कॉलमच्या नावाशेजारी छोटं चिन्ह येतं. तिथे 'फिल्टर बाय व्हॅल्यूज' म्हणजे यादीतल्या नोंदींवर टिक करणं आणि 'फिल्टर बाय कंडिशन' म्हणजे 'पेक्षा जास्त', 'पेक्षा कमी', 'यांच्या दरम्यान' अशी अट घालणं. आकड्यांना अट घाला, शब्दांना टिक करा.

एक्सेलमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एल एकदम दाबलं की फिल्टर सुरू होतो, पुन्हा दाबलं की बंद. तिथे तक्त्याच्या मधे पूर्ण रिकामी ओळ राहिली तर त्याखालच्या ओळी फिल्टरमध्ये धरल्याच जात नाहीत. त्यापेक्षा आधी कंट्रोल टी दाबून टेबल करून घ्या. पुढे घातलेल्या ओळी त्यात आपोआप येतात.

४. किती थंडी धरून अटी ठरवू?

तीन गोष्टी बघा. पहिली, उंची. वर जाताना दर १,००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. उत्तराखंडातल्या केदारकंठाचं शिखर सुमारे ३,८०० मीटरवर आहे, म्हणजे डेहराडूनचा अंदाज बघून जॅकेट घेणं चुकीचं. दुसरी, वारा. −१० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते सुमारे −२० सारखं लागतं. तिसरी गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: तुम्ही चालणार आहात की थांबणार? पाठीवर सॅक घेऊन चढताना फ्लीस (लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचा थर) आणि वर विंडचीटर पुरतो, जाड जॅकेटमध्ये घामाने भिजायला होतं. तेच जॅकेट कॅम्पवर संध्याकाळी बसल्यावर लागतं. म्हणून ट्रेकसाठी 'एकूण वजन' या कॉलमवर कडक अट घाला, कारण दिवसभर ते सॅकमध्ये राहणार आहे.

शहरात बसची वाट बघणाऱ्याला वजनाची फिकीर नाही. त्याला लांबी हवी. कॅनडाच्या मैदानी भागात, विनिपेगसारख्या शहरात, मांड्या झाकणारा पार्का, म्हणजे लांब जाड जॅकेट, खरोखर उपयोगी पडतो. जर्मनीत हिवाळा बराचसा शून्याच्या आसपास रेंगाळतो आणि बर्फाइतकाच पाऊसही पडतो. तिथे पाण्याचा कॉलम आधी लावा.

५. पाण्याच्या कॉलमवर चढता क्रम लावला तर १०,००० हे ५,००० च्या आधी येतं. शीट बिघडली आहे का?

शीट बिघडलेली नाही, ती त्या नोंदीला आकडा समजत नाहीये. '१०,००० मिमी' असं एकक जोडून लिहिलं की ती नोंद मजकूर होते, आणि मजकुराचा क्रम पहिल्या चिन्हापासून लागतो. १ हा ५ च्या आधी, म्हणून दहा हजार पाच हजाराच्या आधी. अशा कॉलमवर 'पेक्षा जास्त' ही अटही नीट चालत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही स्वतः अलाइनमेंट बदललेली नसेल तर खरा आकडा सेलच्या उजव्या कडेला बसतो आणि मजकूर डाव्या कडेला. आपल्याकडे याचं आणखी एक कारण भेटतं. मराठी कीबोर्ड सुरू असतो आणि किंमत देवनागरी अंकांत टाइप होते. शीटमध्ये आकडे टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर न्या. बाकी शेरे खुशाल मराठीत लिहा.

वेबसाइटवरून कॉपी केलेली किंमत पेस्ट करताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही वापरा. त्याने नुसती नोंद येते, सोबतची सजावट आणि लिंक येत नाही. रुपयाचं चिन्ह, 'फक्त', 'पासून पुढे' असलं काही आलंच तर 'फाइंड अँड रिप्लेस' वापरून एका फटक्यात काढता येतं.

शब्दांच्या कॉलममध्येही असाच घोळ होतो. 'डाउन', 'डाऊन' आणि शेवटी रिकामी जागा राहिलेलं 'डाउन ' या शीटच्या लेखी तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे 'डेटा व्हॅलिडेशन' वापरून ड्रॉपडाउन यादी करा, म्हणजे टाइप करण्याचा प्रश्नच उरत नाही.

६. कंपनीने माहितीच दिलेली नसेल तर सेल रिकामा ठेवू का?

नुसता रिकामा ठेवू नका. हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

रिकाम्या सेलचे दोन अर्थ होतात: कंपनीने माहिती दिली नाही, किंवा तुम्ही अजून पाहिली नाही. 'भराव १०० ग्रॅमपेक्षा जास्त' अशी अट लावली की रिकाम्या सेलची ओळ मुकाट्याने नाहीशी होते. त्यात एखादं चांगलं जॅकेटही जातं आणि गेल्याचं कळतसुद्धा नाही.

म्हणून आकड्याच्या कॉलमशेजारी एक छोटा कॉलम ठेवा, 'माहिती'. त्यात तीनच नोंदी: 'मिळाली', 'दिलेली नाही', 'पाहायची आहे'. आकड्यांची अट लावण्याआधी या कॉलममध्ये 'पाहायची आहे'वर टिक करून त्या ओळी भरून काढा. 'दिलेली नाही' उरल्या तर विक्रेत्याला विचारा, उत्पादनाच्या पानावर प्रश्न विचारायची सोय बऱ्याचदा असते. 'शून्य' मात्र कधीच लिहू नका. शून्य ही खोटी माहिती आहे आणि ती सरासरी बिघडवते.

माझं मत स्पष्ट आहे. शून्याखालच्या थंडीसाठी विकलं जाणारं महाग जॅकेट भराव किती आहे ते सांगत नसेल, तर त्याला शेवटी निवडलेल्या दोन-तीन जॅकेटांत जागा देऊ नये.

७. ८०० फिल पॉवरचं जॅकेट ६५० वाल्यापेक्षा उबदारच असणार ना?

असं नाही. फिल पॉवर म्हणजे एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाउन किती घन इंच जागा व्यापतं तो आकडा. डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या अंगालगतची मऊ लव. ती फुलते, हवा धरून ठेवते आणि त्या हवेमुळे ऊब राहते. तेव्हा फिल पॉवर दर्जा सांगते. तो माल आत किती भरला आहे ते भरावाच्या वजनावरून कळतं.

दोन्हींचा गुणाकार करणारा कॉलम शीटमध्ये घाला. ८०० फिल पॉवर आणि १०० ग्रॅम भराव यांचा गुणाकार ८०,०००. ६५० आणि १५० ग्रॅम यांचा ९७,५००. दुसऱ्या जॅकेटमध्ये फुगवटा जास्त आहे, ते वजनाला मात्र जड असेल. हा गुणाकार तुलनेपुरता घ्यायचा. जॅकेटची लांबी, टोपी आणि शिवणीची पद्धत वेगळी असेल तर तोच भराव कमी-जास्त जागेत पसरतो. म्हणून आधी 'टोपी'वर टिक करून आणि 'लांबी'वर अट घालून सारखी जॅकेटं एकत्र आणा, मग गुणाकारावर उतरता क्रम लावा.

साइजमुळेही भराव बदलतो. कंपनी बहुतेकदा एम साइजचा आकडा देते. सगळ्यांचा एकाच साइजचा धरा.

८. सिंथेटिक जॅकेटवर '१०० ग्रॅम' असतं. तेही याच कॉलममध्ये टाकू का?

नको. सिंथेटिकवरचा तो आकडा बहुधा दर चौरस मीटर भरावाचं वजन असतो, डाउनचा आकडा पूर्ण जॅकेटमधल्या भरावाचा. दोन्ही 'ग्रॅम' असले तरी त्यांची तुलना होत नाही. वेगळा कॉलम करा आणि 'भरावाचा प्रकार' हा फिल्टर आधी लावल्याशिवाय ऊब ताडू नका.

या दोघांत निवड ओलाव्यावरून करावी. डाउन भिजलं की लव चिकटते आणि ऊब जवळपास जाते. सिंथेटिक भिजल्यावरही बरीच ऊब धरून ठेवतं आणि लवकर वाळतं, पण तेवढ्याच उबेला जास्त वजन आणि सॅकमध्ये जास्त जागा घेतं.

९. 'कम्फर्ट −१०°' असं लिहिलेलं असतं. सरळ त्यावरच फिल्टर लावला तर?

एकाच ब्रँडच्या दोन जॅकेटांत तुलना करायला तो आकडा ठीक आहे. दोन ब्रँडांत नाही. स्लीपिंग बॅगच्या तापमानाला आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २३५३७. ट्रेकिंगच्या किंवा रोजच्या वापराच्या जॅकेटवरचा आकडा मात्र प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते. कोणी चालता माणूस धरतं, कोणी आत दोन थर घातलेले धरतं. कॉलम ठेवा, पण नाव 'कंपनीचा दावा' असं द्या.

१०. पाण्याचा आकडा किती असला म्हणजे 'वॉटरप्रूफ' म्हणायचं?

मिलिमीटरचा आकडा म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहिला तरी ते आतून पाझरत नाही याचं माप. ५,००० हलक्या पावसाला चालतं. १०,००० वर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, २०,००० जोरदार आणि लांबलेल्या पावसासाठी. पण हे माप कापडाचं आहे. शिवणीच्या भोकांतून पाणी येत असेल तर आकड्याचा उपयोग नाही. म्हणून 'शिवणी बंद' हा कॉलम जोडीनेच लावा आणि त्यात 'सर्व', 'काही', 'नाही' अशा तीन नोंदी ठेवा. 'वॉटर रिपेलंट' एवढंच लिहिलं असेल तर ते पाणी झटकणारं कापड आहे, पाणी अडवणारं नव्हे.

११. 'डाउन असेल तर ५०० ग्रॅमच्या आत, सिंथेटिक असेल तर ७०० च्या आत' अशी अट कशी घालू?

साध्या फिल्टरने जमत नाही. दोन कॉलमवर फिल्टर लावले की दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्याच ओळी उरतात. 'हे किंवा ते' असं दोन कॉलम मिळून सांगता येत नाही.

उपाय म्हणजे 'चालेल का' नावाचा कॉलम. त्यात 'इफ', 'अँड' आणि 'ऑर' ही फंक्शन्स वापरून ही अट लिहा. उत्तर 'हो' किंवा 'नाही' येईल आणि फिल्टर फक्त 'हो'वर लावायचा. पुढे अट बदलली तर एकाच जागी बदलावी लागते. ५०० आणि ७०० हे आकडे सूत्रात न लिहिता बाजूच्या दोन सेलमध्ये ठेवलेत तर आणखी सोयीचं.

इथे एक खाच आहे. सूत्रात रिकामा सेल शून्य धरला जातो, म्हणजे ज्या जॅकेटचं वजन भरलेलंच नाही तेही '५०० च्या आत' म्हणून पास होतं. प्रश्न ६ मधल्या अटीत रिकामी ओळ गायब होते, इथे ती उलट आत शिरते. 'वजन शून्यापेक्षा जास्त' ही अटही सूत्रात घाला.

१२. दुकानांच्या सवलतीच्या सेलमध्ये किंमत रोज बदलते. शीट जुनी होत नाही का?

होते. म्हणूनच तारखेचा कॉलम. तीन दिवसांपेक्षा जुनी किंमत असलेल्या ओळी फिल्टरने समोर आणा आणि तेवढ्याच पुन्हा तपासा. सगळा तक्ता रोज बघायची गरज नाही. नवी किंमत टाकल्यावर ती ओळ लगेच आत-बाहेर होईलच असं नाही. एक्सेलमध्ये 'रीअप्लाय' दाबावं लागतं.

'किती टक्के सूट' असा कॉलम मुळीच ठेवू नका. छापील किंमत फुगवलेली असेल तर सूट मोठी दिसते, पैसे तेवढेच जातात. छापील किंमत, म्हणजे एमआरपी, सर्व करांसह असते, तेव्हा त्यावर जीएसटी वेगळा मिळवायचा नाही. घरपोच पाठवण्याचा खर्च असेल तर तो मात्र किंमतीत धरा.

१३. आमचा ग्रुप एकच शीट वापरतो. कोणी फिल्टर लावला की सगळ्यांच्या ओळी गायब होतात.

साधा फिल्टर सामायिक असतो. त्याऐवजी 'डेटा' मेनूतून 'फिल्टर व्ह्यू' बनवा आणि त्याला नाव द्या. ज्याचा त्याचा व्ह्यू वेगळा राहतो, दुसऱ्याच्या स्क्रीनवर काही हलत नाही. ज्यांना नुसतं बघायची परवानगी आहे त्यांनाही तात्पुरता व्ह्यू लावता येतो. हे फोनपेक्षा कॉम्प्युटरवर सोपं जातं.

१४. फिल्टर लावूनही सरासरी किंमत तीच येते. का?

साधं सरासरीचं सूत्र लपलेल्या ओळीही मोजतं. 'सबटोटल' हे फंक्शन घ्या, ते फिल्टरने लपवलेल्या ओळी सोडून देतं. त्यात पहिला आकडा १ दिला की सरासरी, ५ दिला की सर्वांत कमी किंमत. ओळी फिल्टरने न लपवता हाताने लपवल्या असतील तर १०१ आणि १०५ वापरा.

१५. मी जर्मनीला चाललेय. इथून घेऊ की तिथे जाऊन? दोन्हीकडच्या किंमती एका शीटमध्ये कशा बसवू?

किंमत, चलन आणि 'रुपयांत' असे तीन कॉलम करा. गूगल शीट्समध्ये 'गूगलफायनान्स' फंक्शन युरोचा रुपयातला भाव आणून देतं. तो एका सेलमध्ये आणा आणि सगळीकडे त्याच सेलने गुणा. फिल्टर 'रुपयांत' या कॉलमवरच लावा.

जर्मन वेबसाइटवर दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो, १२९,९५ असा. भारतीय किंवा अमेरिकी सेटिंगच्या शीटमध्ये तो तसाच पेस्ट केला तर आकडा चुकतो. पूर्ण युरो हाताने टाका, सेंट सोडून द्या.

निवडीबद्दल विचाराल तर, ऑक्टोबरच्या सत्रासाठी जाणाऱ्याने इथून मध्यम जॅकेट न्यावं आणि जाड तिथे घ्यावं. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू कारण न देता परत करायला १४ दिवस मिळतात, त्यामुळे तिथल्या मापाचं जॅकेट घालून बघता येतं. पण जानेवारीत उतरणाऱ्याने पहिल्या आठवड्याची थंडी भागेल असं काहीतरी अंगावरच हवं.

१६. एकदाच ट्रेकला जायचंय. एवढा खटाटोप करू का?

भाड्याचं जॅकेट ही शीटमधली एक ओळ समजा. किंमतीच्या जागी दिवसाचं भाडं गुणिले दिवस. केदारकंठाच्या पायथ्याला सांक्रीत आणि मनालीत भाड्याने जॅकेटं मिळतात, काही ट्रेक कंपन्याही देतात. एकाच ट्रेकसाठी हीच ओळ बऱ्याचदा जिंकते. आणि निफाड किंवा महाबळेश्वरच्या थंडीसाठी विचारत असाल तर शीट नको, चांगला फ्लीस पुष्कळ झाला.

१७. सगळ्या अटी लावल्या तर एकही जॅकेट उरत नाही.

अटी एकेक करून काढा आणि कोणती काढल्यावर किती ओळी परत येतात ते बघा. बहुतेक वेळा किंमत आणि वजन एकमेकांच्या आड येतात: हलकं आणि उबदार हवं तर उच्च फिल पॉवर लागते आणि ती महाग असते. किंमत वाढवता येत नसेल तर वजनाची अट सैल करा. ऊब आणि शिवणी यांना हात लावू नका. टोपीची अट काढली तरी हरकत नाही, जाड लोकरी टोपी वेगळी घेता येते.

१८. थ्री-इन-वन जॅकेट कोणत्या ओळीत टाकू? बाहेरचं वॉटरप्रूफ, आतलं काढता येणारं.

तीन ओळी करा: फक्त बाहेरचं, फक्त आतलं, दोन्ही मिळून. 'संच' नावाच्या कॉलममध्ये तिन्हींना एकच खूण द्या. पूर्ण किंमत फक्त 'दोन्ही मिळून' या ओळीत टाका. उरलेल्या दोन ओळींत 'संचात' असं लिहा, म्हणजे किंमतीची बेरीज दुप्पट होणार नाही. आकड्याची अट लावली की या दोन ओळी लपतील, आणि इथे तेच हवं आहे. पाण्याचा आकडा बाहेरच्या थराचा घ्या, भराव आतल्याचा. आतला थर नुसता फ्लीस असेल, आणि तसा तो बऱ्याचदा असतो, तर भरावाच्या कॉलममध्ये काही लिहू नका, 'प्रकार'मध्ये 'फ्लीस' लिहा आणि 'माहिती'मध्ये चौथी नोंद जोडा: 'लागू नाही'.